सहा बॉड्या

तीन कॉलेजं एकत्र आली ती काही प्रेमापोटी नव्हे. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकवाल्यांच्या फॉर्ममध्ये 'इतर संस्थांशी सहकार्य' असा एक रकाना असतो आणि तो आमच्या तिघांचाही वर्षानुवर्षं कोरा जात होता. लाखनीचं आमचं कॉलेज, सिहोऱ्याचं एक आणि सानगडीचं एक. कॉलेजांची नावं मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिघांचीही थोडी थोडी अब्रू जाते आणि सगळ्यात जास्त माझी जाते.

मी रिता लांजेवार, लाखनीच्या कॉलेजची ग्रंथपाल. मुलं पाठीमागे मला 'मिरची मॅडम' म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्याचं फारसं वाईट वाटत नाही, कारण ग्रंथालयात शांतता गोड बोलून होत नसते. माझा विशेष राग नक्कल करणाऱ्यांवर. दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून आणणारा माझ्या टेबलापाशी आला की मला तो वासावरून कळतो, असं मी शिक्षकांच्या खोलीत अभिमानानं सांगत असे. गेल्याच वर्षी दोन मुलींना मी तीस-तीस पानं पुन्हा लिहायला लावली होती.

तर तिन्ही प्राचार्यांनी करारावर सह्या केल्या. तिन्ही कॉलेजांत जे काही अभ्यासाचं लेखन झालं असेल ते स्कॅन करून इंटरनेटवर एकाच ठिकाणी ठेवायचं, म्हणजे लाखनीचा मुलगा सिहोऱ्याचं वाचेल आणि सिहोऱ्याची मुलगी सानगडीचं. नाव ठरलं 'झाडीपट्टी ज्ञानभांडार'. बोलताना आम्ही नुसतं भांडार म्हणायचो. आमचा जिल्हा भंडारा, म्हणून माझा नवरा भूपेंद्र ते ऐकून म्हणाला, "भंडाऱ्यात भांडार, अन् जेवाले काहीच नाई. कसा भंडारा आहे तुमचा?"

काम करणारे आम्ही तिघंच. सिहोऱ्याचा ग्रंथपाल अनुप खोब्रागडे, तिशीतला, कमी बोलणारा, संगणकातलं सगळं स्वतःच शिकलेला. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून, व्हिडिओ बघून बघून त्यानं भांडार उभं केलं. सानगडीला ग्रंथपालाची जागा सात वर्षांपासून रिकामी, म्हणून ग्रंथालयाच्या किल्ल्या सुखरामबाबूंकडे. ते लिपिक, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "तसं पाह्यलं तं" अशी. मी समन्वयक, कारण ओरडायला कोणीतरी लागतं.

प्रश्न असा पडला की भांडारात ठेवायचं काय. पीएचडीचे प्रबंध आमच्याकडे कुठून असणार? तिन्ही कॉलेजांतल्या प्राध्यापकांचे मिळून अकरा लेख निघाले आणि त्यातले तीन एकाच सरांचे, एकाच विषयावरचे. तेव्हा अनुप म्हणाला की पर्यावरणाचे प्रकल्प घेऊ. दर वर्षी प्रत्येक विद्यार्थी आपल्या गावावर वीस-तीस पानांचा प्रकल्प लिहितो. तो तपासला जातो, गुण मिळतात आणि गठ्ठा माळ्यावर जातो. वीस वर्षांचे गठ्ठे तिन्हीकडे पडून होते.

मी हसले. "अनुप, त्या कचऱ्याले कोण वाचन?"

"मॅडम, कोणत्या गावात किती विहिरी होत्या, कोणतं झाड कवा तोडलं, हे दुसरीकडं कुठं लिहिलं आहे?" तो म्हणाला. "एखाद्या पोरानं तरी खरं पाहून लिहिलं असन ना."

मी आधी रागावले आणि मग कबूल झाले.

हाताचं अक्षर काही संगणकाला वाचता येत नाही. म्हणून स्कॅन केलेल्या प्रत्येक प्रकल्पासाठी एक नोंद भरायची असं ठरलं: शीर्षक, लेखक, गाव, वर्ष, आणि पहिला परिच्छेद जसाच्या तसा टाइप करून सारांशाच्या रकान्यात. कंटाळवाणं काम होतं, पण मला आवडायला लागलं. दुपारी मुलं जेवायला गेली की मी दहा-बारा नोंदी उरकायची. कोणाच्या गावात बिबट्या आलेला, कोणाच्या गावात हातपंपाला लाल पाणी. हायवेवरून ट्रक जात राहायचे आणि मी आमचाच तालुका बसल्या जागी फिरून यायची.

तिसऱ्या आठवड्यात अनुपचा फोन आला. "मॅडम, आमच्या सिहोऱ्यात सहा बॉड्या सापडल्या."

मी खुर्चीतून उठलेच. "कुठं? पोलिसांत कळवलं का?"

"पोलिसांत नाई, प्रकल्पात." आणि त्यानं वाचून दाखवलं, "'आमच्या गावाच्या पूर्वेस सहा बॉड्या असून त्या उन्हाळ्यातही पूर्णपणे आटत नाहीत. त्यांपैकी दोन बॉड्यांत शिंगाडा लावतात व उरलेल्यांवर जनावरे पाणी पितात.'" कमी बोलणारा अनुप हसता हसता खोकायला लागला. "पोरं वेगळी, गावं वेगळी, वर्षं वेगळी. बॉड्या सहाच. तेवीस प्रकल्पांत."

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेलं पाणी, तलावाची धाकटी बहीण. धानाला शेवटचं एक पाणी कमी पडलं की तीच लाज राखते. इथलं प्रत्येक पोर बोडीत पोहायला शिकतं. आणि तेवीस जणांनी तिला बॉडी लिहिलं होतं.

मीही हसले. पहिली दोन मिनिटं खरंच मनापासून हसले. मग अनुपनं पुढचं वाक्य वाचायला घेतलं, आणि त्याच्या आधीच मी मनातल्या मनात ते पूर्ण केलं. एकही शब्द चुकला नाही. ते वाक्य मला पाठ होतं, कारण ते वीस वर्षांपूर्वी मीच टाइप केलं होतं. ती बॉडी माझी होती.

२००४-०५ साल. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं किराणा दुकान हायवेलाच, घरात पैशाची ओढाताण नव्हती, म्हणून मला संगणकाचा क्लास लावला होता. माझ्या शेजारी बाकावर बसायची रत्नमाला मेश्राम. सानगडीची. लाखनीला मामाकडे राहून शिकत होती. प्रकल्प आला तेव्हा मी काहीच केलं नाही, आणि रत्नमालानं दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना बरोबर घेऊन गावातली प्रत्येक बोडी दोरानं मोजून काढली. तिची वही मी मागून घेतली. "मी टाइप करतो, तुह्यं बी अन् माह्यं बी," असं मी तिला म्हणाले होते. माझं टाइप करून झालं आणि तिचं राहिलं. क्लासची वेळ संपली, प्रिंटरची शाई संपली, अशी काहीतरी कारणं मी सांगितली. तिनं हातानंच लिहून दिलं.

आणि तिनं लिहिलेलं 'बोडी' मी सुधारलं. हे मला आज लिहितानाही कसंसं होतं. शब्द मी ऐकला नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल, दुकानात येणारी माणसं रोज म्हणायची. पण तो बोलायचा शब्द, लिहायचा नव्हे, अशी माझी समजूत. पर्यावरणाच्या पुस्तकात 'वॉटर बॉडी' आलेलं होतं. मला वाटलं, बिचारी सानगडीची, इंग्रजी शब्द ऐकून आला तसा लिहिला. तिच्यावर उपकार करतेय अशा थाटात मी सगळीकडे बॉडी केलं. बोड्यांच्या मापांचा तक्ता तर गाळूनच टाकला, कारण संगणकावर तक्ता कसा आखतात ते आमच्या क्लासमध्ये अजून शिकवलं नव्हतं.

आमच्या भोजराज सरांनी माझा प्रकल्प वर्गात वर धरला. टाइप केलेलं कॉलेजात पहिलंच. मला 'ए' मिळाला, रत्नमालाला 'बी'. माझी प्रत 'नमुना प्रकल्प' म्हणून ग्रंथालयात लागली, पुढच्या वर्षी तिची झेरॉक्स निघाली आणि झेरॉक्सची झेरॉक्स मामे-मावस भावंडांच्या हातून सिहोरा, सानगडी करत गेली. मूळ गावाचं नाव तेवढं बदलायचं.

अनुपला मी यातलं काही बोलले नाही. "बघू, आमच्याकडे किती निघतात," एवढंच म्हणून फोन ठेवला.

आमच्याकडे एकतीस निघाले. सुखरामबाबूंनी सानगडीचे मोजले, एकोणीस. "तसं पाह्यलं तं त्यातला एक मीच टाइप करून देल्ला होता, साळ्याच्या पोराले," ते म्हणाले. "मले बी वाटलं, बॉडी काहून लिहिलं आहे. मंग म्हटलं, छापून आलं आहे तं बरोबरच असन."

आम्ही तिघं तेव्हा फोनवर एकत्र बोलत होतो. या गोष्टीनं अनुपच्या अंगात उत्साह संचारला होता. सिहोऱ्याच्या प्राचार्यांचं म्हणणं पडलं की नक्कल केलेले सगळे प्रकल्प काढून टाका, कॉलेजची शोभा होते. अनुपला ते पटलं नव्हतं. त्याचं म्हणणं, ठेवायचे सगळे, पण मूळ कोणाचं ते शोधून बाकीच्यांवर तशी खूण करायची. "मॅडम, सर्वात जुने गठ्ठे तुमच्याकडं आहेत. पहिली बॉडी कोणाची ते तुम्हीच पाहा. वासावरून ओळखता ना तुम्ही."

"त्या माणसाचा सत्कार करू आपण," सुखरामबाबू म्हणाले. "शाल-नारळ देऊ."

मी हसले, आणि माझं हसू मलाच ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी शिपायाला न सांगता मी स्वतः माळ्यावर चढले. प्रकल्प लगेच सापडला. स्पायरल बांधणी, वर प्लॅस्टिक, आणि शीर्षक इंद्रधनुष्याच्या सात रंगांत वळवून लिहिलेलं, कारण क्लासमध्ये ते मात्र शिकवलं होतं. 'कु. रिता साठवणे, बी.ए. भाग दोन.' साठवणे हे माझं माहेरचं नाव. आज लाखनीत ते फार कोणाच्या लक्षात नाही. भोजराज सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. त्या वर्षीचे हातानं लिहिलेले प्रकल्प माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी रद्दीत घातले होते, त्यात रत्नमालाचाही गेला होता. म्हणजे ही एक प्रत नाहीशी झाली की विषय संपला. मिरची मॅडम मिरची मॅडमच राहणार होत्या.

ती मी पिशवीत घालून घरी नेली आणि कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवली. अनुपनं दोनदा विचारलं. "शोधून राहिली," असं मी दोन्ही वेळा सांगितलं. चार दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. ग्रंथालयात मी कोणावर ओरडलेही नाही, तेव्हा एका मुलीनं येऊन विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

पाचव्या दिवशी सुखरामबाबूंनी सानगडीचे राहिलेले स्कॅन पाठवले. त्यांत ताजा, गेल्याच वर्षीचा एक होता. प्रतिक्षा अंकुश टेंभुर्णे, अकरावी. पहिल्याच पानावर सहा बॉड्या, दोन बॉड्यांत शिंगाडा. मी कपाळाला हात लावून पुढची पानं उलटत गेले. शेवटचं आभाराचं पान तेवढं तिनं स्वतःच्या मनानं लिहिलेलं दिसत होतं. 'माझे आजोबा डोमा मेश्राम यांनी मला गावातील सर्व बॉड्या फिरून दाखवल्या. माझी आई रत्नमाला हिचेही आभार.'

आजोबानं नातीला बोटाला धरून बोड्या दाखवल्या, आणि नात घरी येऊन बॉड्या लिहिते. घरात ज्या बाईनं त्या मोजल्या, तिच्याच पोटची पोर. माझा सगळा चार दिवसांचा हिशेब मला एकदम फालतू वाटायला लागला. मला माझ्या नावाची पडली होती, आणि इथे एका शब्दाचा तीन पिढ्यांच्या घरातल्या घरात वनवास चालला होता. मला रडू आलं, आणि ग्रंथालयात रडायची मनाई मीच केलेली असल्यामुळे मी उठून संदर्भग्रंथांच्या कपाटामागे गेले.

घरी जाऊन प्रत परत आणली, स्कॅन केली आणि नोंद भरली. लेखकाच्या रकान्यात लिहिलं: 'नक्कल करणारी, कु. रिता साठवणे (आताच्या रिता लांजेवार, ग्रंथपाल). मूळ लेखन व बोड्यांची मोजणी, रत्नमाला डोमा मेश्राम, सानगडी. बोडी या शब्दाचे बॉडी हे रूप नक्कल करणारीने केलेले आहे.' ती नोंद अनुप आणि सुखरामबाबूंना पाठवली आणि फोन पालथा घालून ठेवला.

अर्धा दिवस काहीच नाही. मग अनुपचा फोन आला. मी तयारीतच होते. तो म्हणाला, "मॅडम, तक्ता कुठं आहे?"

"कोणता तक्ता?"

"मोजल्या म्हणता ना बोड्या. मापं असतील. त्या मापाची वही कोणाकडं आहे?" तो पुढे म्हणाला, "मी शोधाची सोय करून ठेवली. कोणी बॉडी लिहून शोधलं तं भांडार त्याले बोडीकडं पाठवन. आता तिथं ठेवाले खरी बोडी आणा."

एवढंच. माझ्या वीस वर्षांच्या पापाला त्याच्याकडे एवढाच वेळ होता, आणि मला त्याचे इतके उपकार वाटले की मी त्याला तुटकपणे "आणते" म्हणून फोन ठेवला. सुखरामबाबूंनी नंतर कळवलं की शाल-नारळाचं तसं पाह्यलं तं अजून रद्द झालेलं नाही.

रविवारी मी सानगडीला गेले. बसमध्ये सगळं बोलणं पाठ केलं होतं. सुखरामबाबू फाट्यावर गाडी घेऊन उभे होते, त्यांनी मला टेंभुर्ण्यांच्या घरापुढे सोडलं आणि "तुमचं तुम्ही पाहा" म्हणून शहाण्यासारखे निघून गेले.

धान घरात आलेलं होतं. अंगणात तणसाचा ढीग, उन्हाला खाटेवर एक म्हातारा बसलेला. ते डोमाबाबा, आता लेकीकडेच राहणारे. रत्नमाला ओसरीवर अंगणवाडीचे कागद पसरून बसली होती. ती तिथली सेविका आहे, हे मला सुखरामबाबूंनी सांगितलं होतं. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा लागलेला. मला बघून तिनं चष्मा वर केला.

"रिता होय ना तू? ये. उन्हात काहून उभी आहेस?"

पाठ केलेलं सगळं गेलं. मी उभ्यानंच बोलले. "रत्ना, मी तुह्यं लिहिलेलं चोरलं. अन् वरतून बिघडवलं."

"चोरलं कायले म्हणतेस? वही तं मीच देल्ली होती," ती म्हणाली. मग कागद गोळा करता करता म्हणाली, "बिघडवलं म्हन. तेवढं खरं आहे."

मी बसले. तिनं पाणी दिलं. मी तिला भांडाराचं सगळं सांगितलं, तीन कॉलेजं, त्र्याहत्तर प्रकल्प, चारशे अडतीस बॉड्या. त्यावर ती इतकी हसली की आतून प्रतिक्षा बघायला आली. माझ्या मनावरचं ओझं तिथेच निम्मं उतरलं. मग मी विचारलं, ती वही अजून आहे का.

होती. पेटीतून काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. शंभर पानी, कडा पिवळ्या पडलेल्या. मी आधी तक्ता शोधला. सहाही बोड्या नावानिशी होत्या. गावबोडी, मोहाची बोडी, विमलाबाईची बोडी, आणखी तीन. लांबी किती दोर, रुंदी किती दोर, पाळीवर झाडं कोणती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत.

"दोर माहा होता," खाटेवरून डोमाबाबा म्हणाले. "वीस हाताचा. आता मोजाले गेल्या तं चारच भेटन. दोन बुजवल्या."

त्या बुजवलेल्या दोन बोड्यांची लांबी-रुंदी जगात फक्त या वहीत होती. अनुपला हे कधी सांगते असं मला झालं. मी मजकूर वाचायला पहिलं पान उघडलं आणि थांबले.

मजकूर निळ्या शाईत होता, रत्नमालाच्या गोल अक्षरातला. पण जिथे जिथे बोडी होतं, तिथे तिथे कान्यावरची मात्रा पेन्सिलीनं खोडलेली होती आणि तिच्या जागी चंद्र काढलेला होता. पहिल्या ओळीत. तिसऱ्या ओळीत. पान उलटलं, तिथेही. मापांच्या तक्त्यात, नावांतसुद्धा. विमलाबाईची बॉडी.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मीच." रत्नमाला सहज बोलत होती. "सरानं तुहा प्रकल्प वर्गात वाचून दाखवला ना, मले वाटलं का आपलंच चुकलं. मी हीच वही घेऊन बसली अन् समद्या दुरुस्त केल्या. पुढं कोणी पाह्यलं तं हसाले नको." मग तिनं प्रतिक्षाकडे बघितलं. "हिले मी म्हटलं, बोडी लिही. तं हिनं हीच वही काढून माह्या समोर धरली. म्हणे, आई, तूच तं बॉडी लिहून ठेवलं आहेस."

प्रतिक्षा खाली बघत होती. मीही. 'ए' आणि 'बी'चं ओझं मी वीस वर्षं थोडंफार मनाशी वाहिलं होतं. हे मला माहीतच नव्हतं. मी तिच्या मेहनतीला हात घातला होता असं मला वाटत होतं, आणि मी तिच्या तोंडातल्या शब्दाला हात घातला होता. मी तिचा हात धरला आणि "मले माफ कर" असं म्हणाले. आयुष्यात फार कमी वेळा मी ते म्हटलं आहे.

तिनं हात सोडवला नाही. मग म्हणाली, "प्रतिक्षा, तुह्यं रबर आण."

ग्रंथपाल जागी व्हायला मला तेवढंच पुरलं. "रत्ना, जुन्या कागदाले असा हात लावत नसतात. जसं आहे तसंच स्कॅन करायचं असते, तो नियमच आहे."

"वही कोणाची आहे?"

"तुही."

"मंग."

ती पुसायला बसली. पेन्सिल जुनी होती, पण निघत होती. चंद्र गेला, खोडलेली रेघ गेली, आणि खालची निळी मात्रा तशीच्या तशी होती. प्रतिक्षा शेजारी बसून मोजायला लागली, मी कागद फाटू नये म्हणून कडा धरून ठेवल्या. पान संपलं की रत्नमाला फुंकर मारायची आणि उलटायची. वीस झाल्या, तीस झाल्या. ऊन ओसरीवर आलं.

डोमाबाबा खाटेवरून बराच वेळ आमच्याकडे बघत होते. "काय करून राहिल्या वं तुम्ही?"

"बोडीतला गाळ काढून राहिलो, बाबा," रत्नमाला म्हणाली.

शेवटच्या पानावर एक उरली तेव्हा ती थांबली. तिनं वही माझ्याकडे सरकवली आणि रबर माझ्या हातात दिलं. "हे तुह्यावाली," ती म्हणाली.

ती मी पुसली.